चहा कुणाच्या गाडीवर पितोस?

दोस्तांनो, हल्ली आपल्या पोरांना उपदेश करणाऱ्यांचं पीक आलंय. नोकऱ्या आटल्या, राखीव जागा कंत्राटदाराच्या घशात गेल्या, तर आता म्हणतात धंदा करा. नोकरी मागू नका, नोकरी देणारे व्हा. थोडक्या भांडवलात करायच्या धंद्यांची पुस्तकं बसस्टँडवर मिळतात. चहा, वडापाव, पापड-लोणची, मोबाईल दुरुस्ती. खर्च किती, नफा किती, सगळं चोख मांडलेलं. एक रकाना तेवढा गाळलेला असतो. जातीचा.

तो रकाना मी भरतो. तालुक्याच्या गावाला माझी चहाची गाडी आहे. जुनी हातगाडी ९ हजार, शेगडी-सिलिंडर ५ हजार, भांडी आणि पेले ३ हजार, पहिलं दूध-साखर-पत्ती १ हजार. झाले १८ हजार. आईच्या बचत गटानं निम्मे दिले, निम्मे मी हमाली करून साठवले. इथवर पुस्तकवाल्यांचा हिशेब बरोबर. पण गाडीला बाबासाहेबांचा फोटो लावला आणि आठवडाभरात आजूबाजूच्या दुकानांतून येणारी चहाची ऑर्डर बंद झाली. कुणी शिवी दिली नाही. कुणी गाडी उलथवली नाही. नुसते पलीकडच्या टपरीवर जायला लागले. पोलिसात काय लिहून देणार? साहेब, माझा चहा कुणी पीत न्हाई?

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नव्हे. कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळेना. नोकरी सोडून ते मुंबईला आले आणि पोटासाठी शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा धंदा काढला. ह्या धंद्याला भांडवल लागतं काय? टेबल, खुर्ची आणि डोकं. डोकं तर असं, की अर्थशास्त्रात त्याला जोड सापडणं कठीण. गिऱ्हाईक येऊ लागलं. मग कळलं, सल्ला देणारा महार आहे. गिऱ्हाईक गेलं, धंदा बुडाला. सांगा, भांडवल कुठं कमी पडलं?

आता कोल्हापूरचे गंगाराम कांबळे घ्या. राजवाड्यात नोकरीला असताना पाण्याला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना झोडपलं. शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढायला लावलं, मदत दिली. गंगारामांनी भररस्त्यावर चहाचं हॉटेल काढलं. महाराजांचा पैसा होता, जागा मोक्याची होती. तरी सवर्ण फिरकेनात. तेव्हा महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा पिऊ लागले, बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजू लागले. छत्रपतीच पितोय म्हटल्यावर नाक मुरडणार कोण? हॉटेल पैशानं नाही चाललं, गिऱ्हाईकानं चाललं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याला पैसा कमी पडतो हे खरंच. पण त्याहून मोठी टंचाई गिऱ्हाईकाची, जागेची आणि पतीची आहे. ही टंचाई जातीनं केलेली आहे. ती एकट्या पोराच्या कष्टानं फिटत नाही. तिथं चळवळ लागते.

म्हणून माझं भांडण दोघांशी आहे. एक ते सुटाबुटातले, जे म्हणतात पैसा आला की जात जाते. अरे, पैसा यायच्या वाटेवरच जात काठी घेऊन उभी आहे, त्याचं काय? दुसरे आपलेच. ते म्हणतात, धंदा म्हणजे शेटजीपणा. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, ते हे आमच्या तोंडावर फेकतात. बरोबर आहे, सांगितले. पण पहाटे ४ ला उठून रात्री १० ला भांडी घासणारा गाडीवाला भांडवलदार झाला होय? तो मजूरच आहे. फरक एवढाच, की त्याला कामावरून काढायला मालक नाही, अख्खा बाजार आहे.

आणि हेच कार्यकर्ते काय करतात? एप्रिल आला की पावतीपुस्तक घेऊन पहिले माझ्याच गाडीवर. पाचशेची पावती फाडायची, जयभीम घालायचा आणि बैठकीचा चहा समोरच्या हॉटेलातून मागवायचा. माझ्याकडे प्यालेच तर वहीत मांड म्हणायचं. परक्याला रोख, आपल्याला उधार! सवर्णांचा बहिष्कार मी समजू शकतो. ह्याला काय नाव देऊ?

काय करायचं ते सांगतो. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ साली निघालं. त्याच्या बीजभांडवल योजनेत २० टक्के महामंडळाचे, ५ टक्के आपले आणि ७५ टक्के बँकेचे. म्हणजे किल्ली बँकेकडेच. एकटा पोरगा फाईल घेऊन गेला की साहेब उद्या ये म्हणतो. दहाजण बरोबर जा. नाही म्हणायचं असेल तर लेखी द्या म्हणा. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही, हे साहेबाला तोंडावर सांगा.

गाडी उचलायला पालिकेचा ट्रक आला तर घोषणा नंतर द्या, आधी कायदा काढा. फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्यानं जप्त मालाची यादी द्यावीच लागते. ठरलेली फी भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत द्यावा लागतो. नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के माणसं फेरीवाल्यांनी निवडून दिलेली असावी लागतात. तिथं आपला माणूस का नाही? आणि कुणी ठरवून बहिष्कार घातला, धंदा करू दिला नाही, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं तो सरळ गुन्हा झाला आहे. साक्षीदार मात्र लागतात. ते तुम्ही व्हा.

गाडीवाल्यांनाही बजावतो. माल चोख ठेवा, वही रोज लिहा. जयभीमवाला म्हणून कुणी पाणचट चहा पिणार नाही, आणि पिऊही नये.

चवदार तळ्यावर १९२७ साली आपण पाणी प्यायलो ते तहानेपोटी नव्हे, हक्कापोटी. बाजारातली जागा हाही हक्कच आहे. आज कुणी शाहू महाराज गाडी थांबवायला येणार नाहीत. ते काम आता आपलं. तेव्हा पुढच्या बैठकीचा विषय ठरवायच्या आधी चहा कुठून आणायचा ते ठरवा. आणि पैसे रोख द्या.

जयभीम.