‘सराईत’ ठरवले कोणी?

पोलीस एखाद्या तरुणाला पकडतात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, ‘सराईत गुन्हेगार जेरबंद’. खाली लिहिलेले असते, त्याच्यावर यापूर्वी सात गुन्हे ‘दाखल’ आहेत. त्या सातपैकी किती गुन्ह्यांत शिक्षा झाली, किती गुन्ह्यांतून तो निर्दोष सुटला, किती खटले अजून उभेच राहिलेले नाहीत, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. दाखल होणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे, हे आपण जणू विसरूनच गेलो आहोत.

कायदा मात्र विसरलेला नाही. भारतीय दंड संहितेचे कलम 75 मालमत्तेच्या आणि खोट्या नाण्यांच्या गुन्ह्यांसाठी होते. तीन वर्षे किंवा अधिक कैदेस पात्र अशा गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात दोषी ठरला, तर त्याला दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेची शिक्षा देता येत असे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कलम 13 मध्ये कायम आहे. शिक्षा इतकी जबर, म्हणून पुरावाही तितकाच पक्का मागितला आहे. आधीच्या निकालाची न्यायालयाकडून प्रमाणित प्रत आणा, किंवा तुरुंगाधिकाऱ्याच्या सहीचा दाखला आणा. तेवढ्यानेही भागत नाही. कागदावरचा माणूस आणि पिंजऱ्यात उभा असलेला माणूस एकच आहे, हेही सिद्ध करावे लागते.

या शेवटच्या अटीचे मोल आपल्या वस्त्यांना विचारा. एका मोहल्ल्यात सलीम शेख किती निघतील? बापाचे नावही तेच असलेले दोन तरी सापडतील. नुसत्या नावाच्या साम्यावर एखाद्याच्या आयुष्याची दहा वर्षे जाऊ नयेत, म्हणून ही अट आहे. ती तांत्रिक पळवाट नव्हे.

आणखी एक गोष्ट. सत्र न्यायालयात आरोपी चालू गुन्ह्यात दोषी ठरेपर्यंत त्याच्या जुन्या शिक्षेचा आरोप वाचून दाखवायचा नाही आणि सरकारी वकिलाने तिचा उल्लेखही करायचा नाही, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 236 सांगत होते. कारण साधे आहे. जुने पाप आधी कानावर पडले, की नव्या पुराव्याकडे कोणी नीट पाहत नाही. न्यायाधीशासमोर जे बोलायला बंदी, तेच पत्रकार परिषदेत पहिल्याच दिवशी सांगितले जाते!

या सवयीची मुळे जुनी आहेत. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. त्यांत पारधी होते, कैकाडी होते आणि खोटी नाणी पाडणारे म्हणून बदनाम केलेले मुसलमान छप्परबंदही होते. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. 1952 मध्ये तो कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांविषयीचे राज्यांचे कायदे आले आणि संशयाची नजर तीच राहिली. तुरुंगातील जातिभेदाच्या प्रकरणात 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले, की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नका.

तडीपारीचेही तसेच. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 57 ला आधीची शिक्षा लागते. कलम 56 ला ती लागत नाही. साक्षीदार उघडपणे पुढे यायला घाबरतात, असे अधिकाऱ्याचे मत झाले की वाट मोकळी होते. मग माणूस दोन वर्षांपर्यंत घरापासून, रोजीरोटीपासून दूर.

‘मग गुन्हेगारांना मोकाट सोडायचे का?’ असे विचारले जाईल. मुळीच नाही. जो पुन्हा पुन्हा लुटतो, तो गरिबालाच आधी लुटतो. त्याला जरूर वाढीव शिक्षा द्या, पण निकालाची प्रत दाखवून आणि ओळख पटवून द्या. पोलिसांनी प्रसिद्धिपत्रकात दाखल, प्रलंबित, निर्दोष आणि शिक्षा असे चार आकडे वेगळे द्यावेत. पत्रकारांनी चौथा आकडा विचारल्याशिवाय ‘सराईत’ हा शब्द छापू नये. आणि आपणही चहाच्या टपरीवर तो शब्द उच्चारण्याआधी एकदा विचारावे, निकाल कुठे आहे?