बेकारांच्या मोजणीत आपण कोठे?



चैत्र-वैशाखात अकोला-अमरावतीकडील कोणत्याही वस्तीत जाऊन पाहा. वेचणी आटोपलेली, जिनिंगचा हंगाम उतरणीस लागलेला आणि पेरणीस अद्याप अवकाश. निंदण-वेचणीवर पोट असलेली माणसे ओट्यावर बसून असतात. तरीही सरकारी पाहणीत बेकारी अल्पच दिसते. २०१७-१८ साली देशाचा वार्षिक दर ६.१ टक्के निघाला होता. असे का व्हावे?

मापच तसे आहे. साप्ताहिक मापात सात दिवसांत एक तास जरी मजुरी केली, तरी तो मनुष्य कामकरी ठरतो. बुधवारी कोणाची लाकडे फोडून दिली की आठवडाभराची बेकारी पुसली गेली! वार्षिक मापात तर हंगामाची मजुरी उन्हाळ्याचे रिकामे महिने झाकून टाकते. एकाच आकड्यावर विसंबू नये, असे दांतवाला समितीने १९७० साली सांगितले आणि १९७२-७३ च्या पाहणीपासून रोजच्या अर्ध्या-अर्ध्या दिवसाचाही हिशेब होऊ लागला. शेतमजुराची खरी स्थिती त्यातच अधिक उमटते; परंतु २०१७ पासूनच्या पाहणीत भर आहे तो वार्षिक व साप्ताहिक मापांवरच.

पूज्य बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतजमिनींवरील निबंधात दाखविले होते की, शेतीवर माणसांचा भार फार आहे, त्यांतील पुष्कळ श्रम वाया जातात आणि त्यावर उपाय उद्योगधंद्यांचा आहे. शेतावर दिसणारा प्रत्येक जण कामास लागलेला आहे, हा भ्रम त्यांना मान्य नव्हता.

आता घरातील गोष्ट. दर काढताना बेकारांच्या संख्येस कामकरी व बेकार यांच्या बेरजेने भागतात. समजा, वस्तीत शंभर प्रौढ आहेत. पन्नास कामावर आणि दहा भगिनी रिकाम्या, पण काम मिळाल्यास जाण्यास तयार. दर होतो जवळजवळ १७ टक्के. पाहणीदार दारी आला असता पुरुषमंडळींनी “ती घरीच असते, घरकाम करते” असे सांगितले, तर त्या दहाही जणी श्रमिकांच्या गणतीतूनच बाहेर पडतात आणि दर होतो शून्य! वेचणीत जिने पाठ मोडेपर्यंत कापूस वेचला, तिला फाल्गुन सरताच आपणच पुसून टाकतो. याचा दोष सरकारकडे नाही.

म्हणून उत्तर स्त्रियांनी स्वतः द्यावे. आठवड्यात किती दिवस, किती तास काम मिळाले ते सांगावे आणि काम मिळाल्यास जाणार का, या प्रश्नास “होय, आजच” असे स्पष्ट म्हणावे.