इमारत आपली, जमीन कोणाची?

महाराष्ट्रातल्या शहरांत सदनिका घेणारा माणूस गेल्या काही वर्षांत बराच सावध झाला आहे. चटईक्षेत्र आणि सुपर बिल्टअप यांतला फरक त्याला कळतो. तो महारेराचा नोंदणी क्रमांक तपासतो आणि भोगवटा प्रमाणपत्र आले का, हेही विचारतो. पण आपण सही केली तो दस्त साठेखत आहे की खरेदीखत, आणि इमारतीखालची जमीन आज कोणाच्या नावावर आहे, हे विचारले तर बहुतेकांना उत्तर देता येत नाही. यात त्यांचा दोष मला फारसा दिसत नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो निघतो, अंगठ्याचा ठसा घेतला जातो, लाखो रुपयांचे मुद्रांक शुल्क भरले जाते आणि इंडेक्स टू हातात पडतो. एवढे सगळे झाल्यावर व्यवहार पुरा झाला असे कोणालाही वाटेल. तसे वाटण्याला सरकारी व्यवस्थाच हातभार लावते, ही माझी तक्रार आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते की, विक्रीचा करार, म्हणजेच साठेखत, स्वतःहून मिळकतीत कसलाही हितसंबंध निर्माण करत नाही. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखताने. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ‘सूरज लॅम्प’ खटल्यात हे पुन्हा ठासून सांगितले. बिल्डरकडून नवीन सदनिका घेताना आपण करतो तो दस्त बहुतेक वेळा साठेखतच असतो. उलट महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद २५खालच्या स्पष्टीकरणानुसार, ताबा देण्याचे कबूल केलेला विक्रीकरार शुल्कापुरता खरेदीखतच समजला जातो, आणि सदनिकांच्या करारांवर अशी पूर्ण आकारणी करणे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये योग्य ठरवले. म्हणून मुंबईत सर्वसाधारणपणे सहा टक्के आणि पुण्यात सात टक्के शुल्क साठेखतावरच भरावे लागते. त्यामागचे कारण चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. लोक वर्षानुवर्षे करारावरच राहत होते, महसूल बुडत होता, आणि आधी भरलेले शुल्क पुढे अभिहस्तांतरणाच्या वेळी वजाही धरले जाते. पण परिणाम असा झाला की, करार नोंदवल्यावर कोणालाच घाई उरली नाही. राज्याला शुल्क मिळाले, बिल्डरला किंमत मिळाली, आणि ग्राहकाला वाटले की आपले काम झाले. शेवटचा दस्त, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देणारे अभिहस्तांतरण, तेवढा राहून गेला.

तो राहू नये म्हणून कायद्यांची कमतरता नाही. सदनिकांच्या मालकीविषयीच्या १९६३च्या मोफा कायद्याच्या कलम ११ने ही जबाबदारी बिल्डरवर टाकली. नियमांनी त्यासाठी सोसायटीच्या नोंदणीपासून चार महिन्यांची मुदत दिली आणि कसूर झाल्यास कायद्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. २०१६च्या रेरा कायद्याचे कलम १७ भोगवटा प्रमाणपत्रानंतर तीन महिन्यांची मुदत घालते. एवढे असूनही मोफामध्ये २००८ साली दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरणाची, बोलीभाषेत डीम्ड कन्व्हेयन्सची, सोय करावी लागली. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, त्यांनी सहा महिन्यांच्या आत प्रमाणपत्र द्यायचे आणि त्याआधारे दस्त एकतर्फी नोंदवायचा. कायदा मोडणाऱ्याला शिक्षा करण्याऐवजी ज्यांचा हक्क बुडाला त्यांनाच अर्जदार म्हणून उभे करणारी ही वाट आहे. ती उपयोगी आहे, अनेक सोसायट्या तिच्यामुळे सुटल्या; पण मूळ तरतूद किती निष्प्रभ ठरली याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो. घरात राहतो आहोत, शेअर सर्टिफिकेट आहे, बँक कर्ज देते, सदनिका विकताही येते. मग जमीन कागदावर कोणाची का असेना? यातला अर्धा भाग खरा आहे. साठेखत म्हणजे रद्दी नव्हे. त्याने मिळणारे हक्क न्यायालयात बजावता येतात आणि अभिहस्तांतरण नाही म्हणून कोणी कुटुंबाला घराबाहेर काढत नाही. पण इमारत दरवर्षी जुनी होते. चाळीस-पन्नास वर्षांनी स्लॅब गळू लागतो, खांबांना तडे जातात, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते. त्या दिवशी भिंतींना किंमत उरत नाही, जमीन तेवढी उरते. पुनर्विकासासाठी विकासक आला की त्याचा पहिला प्रश्न मिळकत पत्रिकेवर नाव कोणाचे, हा असतो. तिथे मूळ जमीनमालकाचे किंवा बंद पडलेल्या भागीदारी संस्थेचे नाव निघाले, तर वारस शोधण्यापासून सुरुवात होते आणि सहीची किंमत मागितली जाते. वाढीव चटईक्षेत्र निर्देशांक आणि विकास हक्क हस्तांतरण यांचे सगळे मोल जमिनीला चिकटलेले असते. रहिवाशांनी ज्याचे पैसे आधीच मोजले, त्याच गोष्टीसाठी उतारवयात पुन्हा वाटाघाट करावी लागते. निवृत्त माणसांनी भरलेल्या जुन्या सोसायट्यांत हे घडते, म्हणून ते मला अधिक अन्यायाचे वाटते.

बिल्डरांचा आक्षेप वेगळा आहे. मोठ्या लेआउटमध्ये दहा इमारती असतील आणि तीनच झाल्या असतील, तर जमीन तोडून कशी द्यायची? आक्षेप रास्त आहे आणि कायद्यानेही तो मानला आहे. रेराखालच्या नियमांनुसार इमारत त्या त्या सोसायटीकडे जाते आणि लेआउटची जमीन शेवटची इमारत झाल्यावर सर्वांच्या शिखर संस्थेकडे. पण ‘शेवटची इमारत’ कधीच उभी राहू नये अशी सोय कोणी करून ठेवली, तर हा अपवादच नियम होऊन बसतो. एकाच भूखंडावरच्या एकट्या इमारतीला तर ही सबबही लागू होत नाही. सोसायट्यांची स्वतःची दिरंगाईही मी झाकणार नाही. वर्गणीचा प्रश्न आला की सभेत शांतता पसरते, आणि भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हणून विषय पुढे ढकलला जातो. त्या अडचणीवर २०१८च्या शासन निर्णयाने स्वयंघोषणापत्राचा मार्ग काढलेला असतानाही हे होते. शिवाय मानीव अभिहस्तांतरणाने मालकीचा वाद कायमचा मिटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले की, असा आदेश मालकी हक्काचा अंतिम निवाडा नसून बाधित पक्षाला दिवाणी दावा करता येतो. म्हणूनच हे काम साक्षीदार, भागीदार आणि कागद जागेवर असतानाच, म्हणजे पहिल्या काही वर्षांतच, व्हायला हवे.

‘वकील गाठा, करार नीट वाचा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. पण शंभर पानांचा आणि बहुधा इंग्रजीतला करार, बहुतेक कलमे आधीच ठरलेली आणि बदल करायला बिल्डरचा नकार, अशा स्थितीत वकील फार तर धोका समजावून सांगू शकतो. ज्या दस्तावर राज्य पूर्ण विक्रीचे शुल्क घेते, त्याच्या पहिल्या पानावर साध्या मराठीत तीन गोष्टी छापणे राज्याने सक्तीचे करावे: हे साठेखत आहे, जमीन आज अमुक व्यक्तीच्या नावावर आहे, आणि ती सोसायटीच्या नावे अमुक तारखेपर्यंत व्हायची आहे. इंडेक्स टूवरही तीच तारीख यावी. पुढचे पाऊल याहून मोठे आहे, पण अशक्य नाही. एका इमारतीतले सगळे करार नोंदणी विभागाकडे आहेत आणि सोसायटीची नोंद सहकार विभागाकडे. तारीख उलटली की उपनिबंधकांनीच बिल्डरला नोटीस काढावी आणि सोसायटीच्या अर्जाची वाट न पाहता मानीव अभिहस्तांतरणाची प्रक्रिया सुरू करावी. कामाचा बोजा वाढेल, हे खरे. मात्र त्या कामाचा मोबदला सहा-सात टक्क्यांनी आधीच तिजोरीत जमा झालेला आहे.

हा बदल होईपर्यंत सोसायट्यांनी थांबायचे कारण नाही. मिळकत पत्रिका आता महाभूमीच्या संकेतस्थळावर पाहता येते. ग्रामीण हद्दीतली किंवा नगर भूमापन न झालेली जमीन असेल तर सातबारा पाहावा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. त्या सभेच्या विषयपत्रिकेत रंगकाम आणि पार्किंगच्या आधी तो उतारा वाचून दाखवण्याचा विषय ठेवावा, आणि त्यावर सोसायटीचे नाव नसेल तर अर्जाचा ठराव त्याच सभेत मंजूर करून घ्यावा.