कॅलेंडरसाठी कुत्र्याचा फोटो पाठवताय? उजेड बदला, पण कानाला हात लावू नका!

दिवाळीचे कंदील उतरले की कॅलेंडरचे दिवस सुरू होतात. अलीकडे त्यात कुत्र्यांच्या फोटो स्पर्धांची भर पडली आहे. बारा महिने, बारा कुत्री आणि विक्रीतून आलेले पैसे प्राण्यांच्या उपचाराला, असा साधा हिशेब. फोटो मोबाईलवर काढायचा, मोबाईलवरच एडिट करायचा आणि पाठवायचा. यातल्या एडिटिंगबद्दल मला बोलायचं आहे.

कानाची खाच म्हणजे काय?

तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याचा कान नीट बघा. अनेकांच्या एका कानाला खाच असते किंवा टोक कापलेलं असतं. बघणाऱ्याला वाटतं, भांडणात तुटला. पण बऱ्याचदा ती नसबंदीची खूण असते. प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम २००१ मध्ये आले, २०२३ मध्ये ते नव्याने काढले गेले. त्यानुसार कुत्र्याची शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस द्यायची आणि ओळख म्हणून कानावर खूण करायची. गळ्यातला पट्टा हरवतो, कागद ऑफिसात राहतो. रस्त्यावरच्या माणसाला लांबून वाचता येईल असा दाखला म्हणजे तो कान.

आता हाच फोटो एखाद्या एआय ॲपमध्ये टाकून ‘एन्हान्स’ दाबा. कान अख्खा होऊन येऊ शकतो! कारण सोपं आहे. या मॉडेलने शिकताना अख्ख्या कानाची असंख्य कुत्री पाहिलेली असतात. खाच त्याला चूक वाटते आणि तिथे काय असण्याची शक्यता जास्त, ते ते भरून टाकतं. समोर काय होतं हे त्याला माहीत नसतं. आपण ज्याला फोटो सुधारणं म्हणतो, तो प्रत्यक्षात अंदाज असतो.

हेच खरुजेच्या डागांचं, डोळ्याजवळच्या व्रणाचं आणि म्हातारपणी पांढऱ्या झालेल्या तोंडाचं. ज्या आजारांच्या उपचारासाठी कॅलेंडर विकायचं, तेच पुसून टाकायचे? लग्नाच्या अल्बममध्ये नवरीला गोरी करतातच की, असं कुणी म्हणेल. तेही मला पटत नाही, पण नवरी निदान तक्रार तरी करू शकते.

मग एडिट काय करायचं?

उजेड. तो हवा तेवढा बदला. काळं कुत्रं फोटोत राखाडी का दिसतं? कॅमेरा समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी धरून उजेड ठरवतो. काळा रंग जास्त दिसला की उजेड वाढवतो, पांढरा दिसला की कमी करतो. म्हणून स्क्रीनवर कुत्र्यावर बोट ठेवा आणि काळ्यासाठी उजेडाची पट्टी थोडी खाली, पांढऱ्यासाठी थोडी वर सरकवा. हे फोटो काढतानाच केलं, तर नंतर एडिटिंगला फारसं काही उरत नाही.

रंकाळा चौपाटीवर संध्याकाळी फोटो काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण सूर्य तळ्यापलीकडे मावळतो आणि पाण्याकडे पाठ केलेलं कुत्रं नुसती सावली होऊन बसतं. त्याच जागी सकाळी जा, ऊन तुमच्या पाठीमागून येईल. फ्लॅश नकोच. कुत्र्याच्या डोळ्यांत मागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे डोळे हिरवे-पिवळे चमकतात.

खाली बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढा. कुत्रं अनोळखी असेल तर त्याला रोज खायला घालणाऱ्याला सोबत घ्या, थेट तोंडाजवळ मोबाईल नेऊ नका. बिस्किटाच्या पुड्याचा आवाज केला की कान उभे राहतात, तेव्हा एकामागोमाग फोटो घ्या. पोर्ट्रेट मोड मात्र जपून. आपल्याकडच्या कारवानी कुत्र्याचं तोंड लांब, शेपटी बारीक. डोळे स्पष्ट आणि नाक धूसर, शेपटी अर्धी गायब, असं होतं. (याच जातीचं, म्हणजे मुधोळ हाउंडचं, टपाल तिकीट २००५ मध्ये निघालं होतं. कॅलेंडरवर मात्र लॅब्रॅडॉरचाच मान!)

आयोजकांनी काय करावं?

फोटो स्पर्धांत बनवाबनवी नवी नाही. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २००९ चा विजेता ठरलेला, फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो पुढे बाद झाला. तो लांडगा माणसाळलेला असावा, असं परीक्षकांचं मत पडलं. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकाराने सोनीच्या जागतिक स्पर्धेतलं बक्षीस नाकारलं आणि चित्र एआयने बनवल्याचं स्वतःच सांगितलं. मोठ्या स्पर्धांची ही गत, तर गावातल्या आयोजकांनी नियमांत दोन ओळी लिहायला काय हरकत आहे? उजेड, रंग, क्रॉप चालेल. कुत्र्याच्या अंगावर काही घालवणं-वाढवणं चालणार नाही. मूळ फाइल मागितल्यास द्यावी लागेल.

पाठवताना एक लक्षात ठेवा. ए-फोर आकारात नीट छापायला साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलचा अख्खा फोटो पुरतो, अर्धा कापलेला पुरत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि त्याआधी मूळ फोटो आणि एडिट केलेला फोटो शेजारी ठेवून कानावर झूम करा. खाच गेली असेल, तर मूळ फोटो पाठवा.