एकाकी कुत्रा आणि शामक पूरके

घरातील मंडळी बाहेर पडली आणि दाराला कुलूप लागले, की काही कुत्री अखंड विव्हळू लागतात, दाराची चौकट नखांनी ओरबाडतात, लाळ गाळतात, चांगली सवय लागलेली असूनही घरातच लघवी करतात. पशुवैद्यकात या अवस्थेस वियोगचिंता म्हणतात. तिच्यावर उपाय म्हणून शांतता आणणारी पूरक द्रव्ये गोळ्या, चूर्णे व चघळण्याच्या वड्या या रूपांत आता सहज विकत मिळतात. ती कुत्र्याला द्यावीत काय, आणि दिल्यास कोणत्या अटींवर द्यावीत, याचा येथे विचार करावयाचा आहे. आमचे मत प्रारंभीच सांगतो. या अवस्थेवरील मूळ उपाय शिक्षण हाच होय. पूरक द्रव्य त्याच्या सोबतीला देता येईल, परंतु त्याची जागा घेण्याचे सामर्थ्य त्यात नाही.

बंगळूर नगरात हा प्रश्न विशेष जाणवण्याजोगा आहे. लहान कुटुंबे, बहुमजली इमारतींतील सदनिका, दूरची कार्यालये आणि वाटेतील वाहनांची गर्दी यांमुळे तेथील पुष्कळ घरे दिवसाचे नऊ-दहा तास रिकामी असतात. मार्च 2020 मध्ये देशभर टाळेबंदी झाली व त्यानंतर दीर्घकाळ तेथील अनेकांनी घरूनच काम केले. त्या काळात घरी आणलेल्या पिल्लास माणसावाचून घर कसे असते, याचा अनुभवच नव्हता. पुढे कार्यालये उघडली आणि ते एकाएकी एकटे पडले. गल्लीतील कुत्रा दिवसभर आपल्या सोबत्यांत वावरतो; सदनिकेतील कुत्र्याला मात्र चार भिंतींचीच सोबत असते. त्याचे विव्हळणे भिंतीपलीकडील शेजाऱ्यास ऐकू जाते व तक्रारी सुरू होतात. भुंकणे हे पाळीव कुत्र्यास बंदी करण्याचे कारण होऊ शकत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 2015 साली आपल्या सूचनांत सांगितले आहे. पण नियमाने कुत्र्याची भीती ओसरत नाही. आणि त्रासलेला मालक शेवटी कुत्र्यालाच घराबाहेर काढतो, असेही घडते. म्हणून योग्य उपाय निवडणे अगत्याचे आहे.

ही भीती कशी जडते? रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांस 1904 साली पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न येण्यापूर्वी नियमाने मिळणाऱ्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटू लागते, हे त्यांनी दाखवून दिले. वियोगचिंतेतही असाच संबंध जुळतो. किल्ल्यांचा आवाज, पायात चढणारे बूट, हातात घेतलेले शिरस्त्राण या कुत्र्याच्या दृष्टीने एकटेपणाच्या खुणा ठरतात, आणि मालक उंबरठा ओलांडण्याआधीच त्याचे काळीज धडधडू लागते. हा खोडकरपणा नव्हे. संध्याकाळी परतलेल्या मालकाने शिक्षा केली, तर सकाळी ओरबाडलेल्या दाराशी कुत्रा तिचा संबंध लावू शकत नाही. मालकाच्या परत येण्याचीही त्याला धास्ती वाटू लागते.

जो संबंध अनुभवाने जुळला, तो अनुभवानेच सोडवावा लागतो. प्रथम पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी, कारण मूत्रमार्गाचा विकार, सांधेदुखी किंवा वार्धक्य यांमुळेही अशीच लक्षणे दिसू शकतात. मग किल्ल्या वाजवाव्यात, पण बाहेर जाऊ नये. बूट घालावेत व पुन्हा खुर्चीवर बसावे. त्या खुणांचा अर्थ पुसट झाल्यावर दाराबाहेर काही क्षण थांबावे. कुत्रा शांत राहिला, तरच हा अवधी वाढवावा. तो अस्वस्थ झाला, तर मागच्या पायरीवर यावे. क्षणांचे मिनिट आणि मिनिटांचा तास होण्यास कित्येक आठवडे लागतात. या काळात त्याला शक्यतो पूर्ण एकटे ठेवू नये. नातलग, शेजारी किंवा दिवसभर कुत्री सांभाळणारी संस्था यांचे साहाय्य घ्यावे.

पूरक द्रव्यांचा आधार पूर्णपणे काल्पनिक आहे, असे आम्ही म्हणत नाही. चहाच्या पानांतील थिॲनीन, दुधातील केसीन या प्रथिनापासून मिळणारा अल्फा-कॅसोझेपीन हा अंश, मेंदूतील सेरोटोनिन ज्यापासून बनते ते ट्रिप्टोफॅन, ही त्यांतील प्रमुख होत. मात्र पुरावा तोकडा आहे. अल्फा-कॅसोझेपीनची 2007 साली एका औषधाशी तुलना करण्यात आली. तीत निष्क्रिय गोळी दिलेला गट नव्हता. थिॲनीनवरील 2015 सालच्या एका अभ्यासाचा विषय वादळाची भीती हा होता, आणि त्यात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता.

पूरक द्रव्यांहून पुष्कळ प्रबळ अशा औषधांकडे पाहिले म्हणजे शिक्षणाचे महत्त्व स्पष्ट होते. कुत्र्यांच्या वियोगचिंतेसाठी अमेरिकेत क्लोमिप्रामीनला 1998 साली व फ्लुओक्सेटीनला 2007 साली मान्यता मिळाली. दोन्ही औषधे वर्तनशिक्षणाच्या जोडीनेच द्यावीत, असे त्या मान्यतेत सांगितले आहे. फ्लुओक्सेटीनच्या परीक्षेत सर्वच कुत्र्यांना शिक्षण देण्यात आले. आठ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांपैकी 72 टक्के सुधारली, आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकीही 50 टक्के सुधारली. औषधाने भर घातली हे खरे. पण त्याच्यावाचूनही निम्म्या कुत्र्यांत सुधारणा दिसली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. या निम्म्यांत मालकाच्या आशावादी दृष्टीचाही काही भाग असेल. वडी दिल्यावर गुण आलाच पाहिजे, अशी आपली अपेक्षा असते, आणि अपेक्षा असली की गुण दिसतोही.

‘नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही,’ हे समाधान फसवे आहे. आपल्या देशातील सर्पगंधेचे उदाहरण बोलके आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचे अनुभव प्रसिद्ध केले. 1952 साली तिच्यातून रेसर्पीन वेगळे करण्यात आले. ते गुणकारी ठरले. पण त्याने काही रोग्यांना खिन्नता येते, असेही आढळून आले. ज्यात गुण आहे, त्याला मात्रा असते आणि मर्यादाही असतात. माणसांसाठीच्या काही गोड वड्यांत झायलिटॉल असते. त्याने कुत्र्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते व यकृतास इजा होते. सेरोटोनिन वाढवणारे पूरक फ्लुओक्सेटीनसोबत दिल्यास जीवावर बेतू शकते. तेव्हा पशुवैद्यास विचारल्यावाचून काहीही देऊ नये.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. शिक्षणास आठवडे लागतात. घरमालकाची नोटीस मात्र आजच हाती पडलेली असते. अशा वेळी पूरकाने थोडा जरी उतार पडला, तरी तो का नाकारावा? आम्ही तो नाकारीत नाही. भीती किंचित उतरली, तर शिकणेही सुलभ होईल. पण भीती तीव्र असेल, तर पूरकांवर महिने घालविण्यापेक्षा पशुवैद्याकडून परीक्षित औषध घेणे अधिक दयेचे ठरेल.

पूरक द्यावयाचेच, तर ते मोजून पाहावे. घराबाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासाचे चित्रण भ्रमणध्वनीवर करावे. कुत्रा किती वेळाने विव्हळू लागला व किती वेळ विव्हळला, हे वहीत मांडावे. दोन आठवडे केवळ शिक्षण देऊन अशी नोंद ठेवावी, मग शिक्षण तसेच चालू ठेवून पूरक जोडावे व पुढील चार आठवड्यांची नोंद पहिल्याशी ताडून पाहावी. त्या अवधीत दुसरा कोणताही बदल करू नये. असा हिशेब शाळेतील विद्यार्थीही ठेवू शकेल. सुधारणेचा वेग वाढला नाही, तर पूरक बंद करावे आणि ते पैसे दुपारी कुत्र्यापाशी बसणाऱ्या माणसासाठी खर्च करावेत.