नाव जॅग्वारचे, सांगाडा दुसऱ्याचा

टाटा मोटर्सने 2008 साली अमेरिकेच्या फोर्ड कंपनीकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर हे दोन इंग्रजी मोटार कारखाने 230 कोटी डॉलरना विकत घेतले, तेव्हा आपल्या बाजारात पुष्कळांनी तोंडात बोटे घातली. पुण्यात स्वतःचा एवढा मोठा कारखाना असताना इंग्लंडात पैसा कशाला ओतायचा? इमारती आणि यंत्रे इथेही उभी राहतात. पण टाटांनी मुख्यतः घेतले ते नाव, आणि त्या नावामागे साठ-सत्तर वर्षांत उभे राहिलेले नमुने. ध्यानात घेण्याची गोष्ट दुसरीच आहे. फोर्डने 1989 साली एकट्या जॅग्वारसाठी सुमारे 160 कोटी पौंड, म्हणजे अडीचशे कोटी डॉलरच्या आसपास मोजले होते. एकोणीस वर्षांनी लँड रोव्हर जोडीला देऊनही तेवढे आले नाहीत. नावाची किंमत उतरली ती कशाने, हे चादर-टॉवेलच्या धंद्यातल्या आपल्या बांधवांनी समजून घेतले पाहिजे.

जॅग्वारचे गाव कॉव्हेंट्री. हे गाव मुळात विणकरांचे. रेशमी फिती विणणे हा तिथला घरोघरचा धंदा होता. 1860 साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात व्यापारी तह झाला, फ्रेंच फितींवरची जकात उठली आणि कॉव्हेंट्रीचे माग पटापट बंद पडले. थॉमस स्टीव्हन्स नावाच्या एका कारखानदाराने त्याच जेकार्डवर रेशमी चित्रे आणि पुस्तकात ठेवायच्या खुणा विणून आपला धंदा तगवला. बाकीचे गाव आधी शिलाई मशीनकडे, मग सायकलीकडे आणि शेवटी मोटारीकडे वळले. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू यांचे भोंगे ज्यांनी ऐकले आणि मग बंद झालेलेही पाहिले, त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. फरक एवढाच की आपण वळायला अजून जागा शोधतो आहोत.

जॅग्वारचा मालक विल्यम लायन्स याने 1922 साली ब्लॅकपूल गावात भागीदारीत मोटारसायकलला जोडायच्या साईडकारपासून सुरुवात केली. हा माणूस इंजिनिअर नव्हता. त्याच्याकडे नजर होती. कोणती रेघ डोळ्याला गोड लागेल ते त्याला कळे. पुढे त्याने ऑस्टिन कंपनीचा छोटा सांगाडा घेऊन त्यावर आपली सुबक बॉडी बसवली आणि गाडी ऑस्टिन स्वॅलो या नावाने विकली. म्हणजे दुसऱ्याचा ताणा घेतला, पण ताणा कोणाचा हे नावातच सांगितले. 1928 साली तो कॉव्हेंट्रीला आला. जॅग्वार हे 1935 मध्ये एका मॉडेलचे नाव होते, कंपनीचे नाव एसएस. हिटलरच्या पलटणीमुळे ती दोन अक्षरे बदनाम झाली, तेव्हा 1945 मध्ये मॉडेलचेच नाव कंपनीने घेतले.

खरी कमाई 1948 च्या एक्सके 120 या गाडीने झाली. तिच्या इंजिनाची आखणी, महायुद्धात आगीवर पहारा द्यायला कारखान्याच्या लोकांना रात्र-रात्र जागावे लागे, तेव्हा झाली असे सांगतात. गाडी थोडीच काढायची होती. म्हणून पहिल्या सुमारे 240 गाड्या लाकडी चौकटीवर अॅल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून केल्या. मागणी एवढी आली की मग पोलादी पत्र्याचे साचे करावे लागले. नावातला 120 हा आकडा म्हणजे ताशी मैल. लोकांना खोटे वाटले, म्हणून 1949 मध्ये बेल्जियमच्या सरळ रस्त्यावर पत्रकारांसमोर गाडी पळवली, ती 132 मैलांवर गेली. लेबलवर लिहिले त्याहून माल जास्त निघाला! आपल्याकडे अठ्ठेचाळीस लिहून सेहेचाळीस इंच देणारे आहेत, त्यांच्यासाठी हे सांगितले.

मग सी-टाइप आणि डी-टाइप या शर्यतीच्या गाड्या. फ्रान्सच्या ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत त्यांनी 1951 ते 1957 या सात वर्षांत पाच वेळा जिंकली. 1961 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ई-टाइप आली. तिचा आकार माल्कम सेयर या विमानाच्या कारखान्यातून आलेल्या माणसाने गणित मांडून काढला होता. तेवढ्याच वेगाच्या इटालियन गाडीपेक्षा किंमत कितीतरी कमी. चौदा-पंधरा वर्षांत बहात्तर हजारांहून जास्त गाड्या बनल्या, बहुतेक अमेरिकेला गेल्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने 1996 मध्ये एक निळी ई-टाइप आपल्या संग्रहात ठेवली. मी स्वतः ती फोटोतच पाहिली आहे, पण फोटोतही हात फिरवावासा वाटतो.

यानंतर घसरण लागली. मोठ्या मंडळीत विलीन झाल्यावर जॅग्वार सरकारी ब्रिटिश लेलँडच्या गाड्यात गेली. 1975 ची एक्सजे-एस दिसायला वेगळी होती, पण संप, गंज आणि वायरिंगच्या तक्रारी यांनी नाव खराब केले. 1980 मध्ये जॉन ईगन आले. त्यांनी तक्रारींची यादी काढली तर पुष्कळसे दोष बाहेरून घेतलेल्या सुट्या भागांत निघाले. त्यांनी पुरवठादारांना धरले. कच्चे सूत घ्यायचे आणि चादर फाटली की मागवाल्याला शिव्या द्यायच्या, ही रीत आपल्याकडेही आहे.

फोर्डच्या हातून मात्र जी चूक झाली ती जास्त मोठी. 2001 मध्ये एक्स-टाइप ही स्वस्तातली जॅग्वार काढली. तिचा सांगाडा फोर्डच्याच मोंडिओ या सर्वसाधारण गाडीचा. गाडी वाईट नव्हती. वर्षाला एक लाख विकायचा बेत होता. जेमतेम पन्नास हजारांपर्यंत मजल गेली आणि 2009 मध्ये ती बंद झाली. ज्याला मोंडिओ परवडते तो मोंडिओच घेतो, आणि ज्याला जॅग्वार हवी त्याला शेजाऱ्याच्या मोंडिओची बहीण नको असते. लायन्सने ऑस्टिनचे नाव सांगून धंदा केला. फोर्डने ते सांगितले नाही, तरी गिऱ्हाइकाने ओळखले.

टाटांनी 2011 पासून पुण्यात लँड रोव्हरची आणि नंतर जॅग्वार एक्सएफची जुळणी सुरू केली. भाग विलायतेतून यायचे, कामगार आपले. 2013 मध्ये एफ-टाइप ही अस्सल दोन आसनी स्पोर्ट्स कार आली, ती 2024 मध्ये बंद झाली. पुढे फक्त विजेवरच्या महागड्या गाड्या काढायचे कंपनीने 2021 मध्येच ठरवले होते; 2024 मध्ये तिने जुनी मॉडेले आवरती घेतली आणि नवे चिन्ह जाहीर केले. महाग आणि थोडे विकण्याला माझा विरोध नाही. पण नवा माल मागावर असताना दुकानाची फळी रिकामी ठेवणे मला पटत नाही. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते आणि त्याला तिथली सवय लागते.

आता आपले घर. एका उरुसाच्या बाजारात मी ओळीने चार दुकानांवर ‘सोलापुरी चादर’ अशी पाटी पाहिली. हात लावला तर पॉलिएस्टर, वर छापील फुले. उलटी केली तर मागची बाजू पांढरी. आपली जेकार्डची चादर उलटी केली तर तीच नक्षी रंग पालटून दिसते, कारण ती छापलेली नसते, विणलेली असते. दुकानदाराला विचारले, तर माल पानिपताकडचा आणि पाटी लावायचा सल्ला सोलापूरच्याच एका आडत्याचा! पानिपतचा माल विकण्यात पाप नाही. तिथले कारागीरही पोटासाठीच राबतात. तो पानिपतच्या नावाने, स्वतःच्या छापाने विकावा. ‘सोलापुरी’ या चार अक्षरांत मात्र मागवाल्याची, कांड्या भरणाऱ्या बायांची आणि रंगाऱ्याची मजुरी आहे. ती दुसऱ्याच्या सांगाड्यावर शिवली तर पहिल्यांदा काम तुटते ते त्यांचे, व्यापाऱ्याचे नंतर.

सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना जीआय मानांकन मिळून बरीच वर्षे झाली. पण मानांकन गावाच्या मालाला मिळाले म्हणजे प्रत्येक कारखानदाराची नोंद झाली असे नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून ज्याने-त्याने चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे वेगळा अर्ज करायचा असतो, आणि नोंद दहा वर्षांनी पुन्हा करायची असते. आठ-दहा मागांचे आपले अनेक बांधव हे काम मोठ्यांचे म्हणून सोडून देतात. चार-पाच जणांनी मिळून कागद जमवले, एखाद्या शिकलेल्या मुलाला बसवले, तर ते होण्यासारखे आहे.