टकटक करून बघा!

दोस्तांनो, या वेळी कशेळीहून एक मजेदार पत्र आलंय. नव्या इमारतीत राहायला गेलेला आठवीतला एक वाचक विचारतो, "खोलीतल्या पार्टिशनवर पुस्तकांची फळी लावायची आहे आणि छताला पंचिंग बॅग टांगायची आहे. पण खिळा ठोकला की पांढरी पावडर पडते आणि खिळा हातात येतो. काय करू?"

आधी ठोकाठोकी थांबव! आणि बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक कर. विटांची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर 'ठक्' असा बसका आवाज येईल. तुझ्या पार्टिशनमधून येईल 'ढब ढब', डब्यासारखा. कारण आत पोकळीच आहे. पत्र्याच्या उभ्या पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी जिप्सम बोर्ड स्क्रूने बसवलेला असतो. तुमच्या भागातल्या गोदामांत ऑफिसच्या केबिनी पाडतात, त्याही बऱ्याचदा याच बोर्डाच्या.

जिप्सम म्हणजे आपली चिरोडी. हात मोडल्यावर घालतात ते प्लास्टर हिच्यापासूनच बनतं. ती इतकी मऊ, की नखाने ओरखडा निघतो. बोर्डात ती कागदाच्या दोन थरांमध्ये असते आणि जाडी साधारण साडेबारा मिलिमीटर. एवढ्याशा मऊ थरात खिळा धरून तरी कशाला राहील?

"मग गिट्टी ठोकू?" असं म्हणशील. गिट्टी म्हणजे रावल प्लग. तिची गोष्ट छान आहे. 1911 च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींची नासधूस न करता विजेचं सामान बसवायचं होतं. जॉन रॉलिंग्ज यांनी तागाचे धागे आणि जनावरांचं रक्त वापरून गिट्टी बनवली. पुढे 1958 मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनची काढली. स्क्रू आत गेला की गिट्टी फुगते आणि चारी बाजूंच्या घट्ट भिंतीला दाबून बसते. पण पोकळ बोर्डात दाबायला भिंतच कुठे आहे?

म्हणून पहिला उपाय, आतली पट्टी शोधायची. एक लोहचुंबक भिंतीवरून सावकाश फिरव. बोर्डाचे स्क्रू जिथे असतील तिथे तो चिकटेल. असे स्क्रू एकाखाली एक सापडले, की त्या रेषेत पट्टी आहे. फळीचे ब्रॅकेट त्याच रेषेवर लावायचे. हव्या त्या जागी पट्टी नसेल, तर टॉगल बोल्ट मिळतो. त्याचे पंख मिटवून भोकातून आत सरकवायचे. पलीकडे ते फुलपाखरासारखे उघडतात आणि बोर्डाला मागून धरतात. पाकिटावर किलोचा आकडा असतो, त्याच्या पाव भागावरच भरवसा ठेव. (ड्रिल मात्र मोठ्यांनीच चालवायचं. आत विजेच्या वायरी असतात, बरं का!)

आता फळीचं गणित. ब्रॅकेटची उंची 15 सेंटिमीटर आणि पुस्तकं 12 किलो. त्यांच्या वजनाचा मध्य भिंतीपासून 15 सेंटिमीटरवर असेल, तर वरच्या स्क्रूंना मिळून सुमारे 12 किलोची ओढ बसते. तीच पुस्तकं पुढे सरकून मध्य 30 सेंटिमीटरवर गेला, की 24 किलो! तेव्हा फळी अरुंद घे आणि जाडजूड पुस्तकं भिंतीला टेकवून ठेव.

राहिली पंचिंग बॅग. फॉल्स सीलिंगला ती टांगायची नाही म्हणजे नाहीच. ते छत स्लॅबपासून बारीक पट्ट्यांवर लोंबकळतं आणि जेमतेम स्वतःचं वजन पेलतं. एक चौरस मीटर बोर्डच आठ-नऊ किलोचा. शिवाय बॅग झुलते. 20 किलोची बॅग 60 अंशांपर्यंत मागे नेऊन सोडली, की खाली येताना साखळीवर 40 किलोचा ताण येतो. तो सीलिंगवर आला तर सगळा सांगाडाच डोक्यावर येऊ शकतो. चार-पाच किलोचा पंखासुद्धा याच कारणाने स्लॅबच्या हुकाला अडकवतात. जुन्या घरांत झोपाळ्याच्या कड्या तुळईतच बसवायचे, हे आजी-आजोबांना विचारून बघ.

बॅग हवीच असेल, तर बाबांना सांगून मिस्त्रीला बोलव. तो सीलिंगला भोक पाडून थेट स्लॅबमध्ये फास्टनर बसवील आणि साखळी त्या भोकातून खाली येईल. पंख्याच्या हुकाला मात्र बॅग लावू नकोस. नाहीतर जमिनीवर उभी राहणारी बॅग घे, तिला छत लागतच नाही. आणि हो, खालच्या मजल्यावर कोण राहतं, तेही पत्रातून कळव!